मातीचा घसारा कोणाच्या खात्यावर?

(केळापूर तालुक्यातील कापूस व ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



उत्पादनखर्चाची चर्चा आपल्या बैठकींना नवी नाही. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, बैलजोडी, घरच्या माणसांची मजुरी, कर्जावरचे व्याज, एकेक बाब आपण बोटावर मोजतो. आज मी अशा एका बाबीबद्दल बोलणार आहे, जी आपण हिशेबात धरली नाही आणि सरकारनेही धरली नाही. ती बाब म्हणजे दर पावसाळ्यात वावरातून वाहून जाणारी माती.

आता या मातीचे नकाशे निघतात. तालुक्याचा नकाशा काढतात, त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरतात. लाल रंग पडला तिथे धूप जास्त. पाणलोटाचे काम आधी कोणत्या शिवारात घ्यायचे हे ठरवताना असे नकाशे पुढे ठेवले जातात. म्हणून हा नकाशा काय बोलतो, कशावरून बोलतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे आपल्याला समजले पाहिजे. सात-बारा वाचता येत नव्हता तोवर दुसऱ्याने वाचून दाखवला तो खरा मानावा लागत होता. नकाशाच्या बाबतीत पुन्हा ती पाळी नको.

पहिली मोजणी साऱ्यासाठी

सरकारने आपली माती मोजण्याची ही पहिली वेळ नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड, विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८४७ साली जमिनीच्या प्रतवारीचे नियम पक्के केले. प्रतवारी करणारा माणूस शेताचे भाग पाडायचा आणि प्रत्येक भागात खणून माती किती खोल आहे ते पाहायचा. पावणेदोन हात खोल, चांगल्या पोताची माती सोळा आण्यांची. खोली कमी झाली की आणे कमी. शिवाय दोषांच्या खुणा ठरलेल्या होत्या. चुनखडीचे खडे असले तर एक खूण, वाळू असली तर दुसरी, जमीन उताराची असली तर तिसरी, आणि वाहते पाणी अंगावरून जाण्याचा धोका असला तर त्याचीही वेगळी खूण. एका खुणेला प्रत एक पायरी खाली. वऱ्हाडात १८६१ नंतर याच धर्तीवर मोजणी झाली.

म्हणजे उताराची जमीन धुपते आणि पीक मातीच्या खोलीवर ठरते, हे सरकारदरबारी दीडशे वर्षांपासून लिहिलेले आहे. लिहिले कशासाठी? सारा किती घ्यायचा ते ठरवण्यासाठी. माती जागेवर राहावी म्हणून खर्च कोणी करायचा, हा रकाना त्या वहीत नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा नेमके यावर बोट ठेवले. सरकारने आपल्या पदरच्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवून मग ओढ्याला जाऊ द्यावे, अशी त्यांची मागणी होती. रकाना आजही रिकामाच आहे.

सहा आकड्यांचा गुणाकार

आता आजचा नकाशा कसा होतो ते पाहू. प्रत्येक वावरात जाऊन कोणी माती मोजत नाही. ते शक्यही नाही. एक सूत्र वापरतात. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी हजारो प्रयोगांच्या नोंदी गोळा करून ते १९६५ साली छापले आणि १९७८ साली सुधारले. त्यात सहा आकडे आहेत. सहांचा गुणाकार केला की हेक्टरी किती टन माती जाते ते निघते.

पहिला आकडा पावसाच्या माऱ्याचा. दुसरा मातीचा, ती किती लवकर सुटते याचा. तिसरा उताराच्या तीव्रतेचा. हे तीन निसर्गाचे. चौथा उताराच्या लांबीचा, म्हणजे पाणी न अडता किती लांब धावते. पाचवा पिकाच्या पांघरुणाचा. उघडी वखरलेली जमीन म्हणजे एक, आणि झाकण वाढेल तसा आकडा कमी. सहावा मशागतीच्या दिशेचा आणि बांधबंदिस्तीचा. हे तीन माणसाच्या हातचे.

एक उदाहरण घेऊ. समजा पाऊस हजार मिलिमीटर. भारतातल्या नोंदींवरून डेहराडूनच्या मृदसंधारण संस्थेतील शास्त्रज्ञांनी बसवलेल्या सूत्राने पावसाचा आकडा येतो ४४२. मातीचा आकडा ०.२ धरा. जमिनीला तीन टक्के उतार आहे, म्हणजे शंभर फुटांत तीन फूट. पाणी शंभर मीटर सरळ धावते. त्या दोन्हींचा मिळून आकडा ०.४१. कापसाच्या पांघरुणाचा ०.५ धरा. पेरणी उताराला उभी, म्हणून शेवटचा आकडा एक. गुणाकार करा: हेक्टरी सुमारे १८ टन.

आता तेच वावर, तोच पाऊस, तेच पीक. मध्ये एक धुरा घालून पाण्याची धाव पन्नास मीटरवर आणली आणि पेरणी उताराला आडवी केली. तीन ते पाच टक्के उताराला आडव्या पेरणीचा आकडा ०.५ धरतात. पुन्हा गुणाकार करा: सुमारे साडेसात टन. पाऊस आपल्या हातात नाही, पण अर्ध्याहून जास्त माती आपल्या हातात आहे, हे ते सूत्रच सांगते.

उताराचे गणितही लक्षात ठेवा. दोन टक्क्यांचा उतार चार टक्के झाला की धूप जवळजवळ दुप्पट होते. नऊ टक्क्यांवर दोन टक्क्यांच्या साडेपाच पट होते. टेकडीच्या पायथ्याची बरड आणि नाल्याकाठची काळी एकाच मापाने मोजता येत नाही, ती याच कारणाने.

१८ टन म्हणजे किती? हेक्टरभर वावरातला एक मिलिमीटर थर सुमारे १३ टन भरतो. म्हणजे १८ टन हा दीड मिलिमीटरपेक्षा कमी थर झाला, नखाएवढा. डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच तो इतकी वर्षे बिनबोभाट जातो. डेहराडूनच्या संस्थेतील ध्रुव नारायण आणि रामबाबू यांनी १९८३ साली देशाचा अंदाज मांडला: वर्षाला ५३३ कोटी टन, सरासरी हेक्टरी १६ टनांहून थोडी जास्त. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते, बाकीची इकडची तिकडे होते.

नकाशाला धुरा दिसत नाही

सूत्र चांगले आहे. मग अडचण कुठे आहे? सूत्रात भरलेल्या आकड्यांत आहे.

नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, १९७६ पासूनची. तिने राज्याच्या मातीचा नकाशा तयार केला, मोठे काम केले. पण त्याचे प्रमाण एकास अडीच लाख. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. एका चौरस सेंटिमीटरात सव्वासहाशे हेक्टर बसतात, आपल्याकडचे एखादे आख्खे शिवार. त्या एका चौकोनात काळी आहे, मुरमाड आहे, नाला आहे, पोड आहे, आणि रंग मात्र एक. जिल्ह्याचा विचार करायला तो नकाशा उपयोगी आहे. तुमच्या गटनंबरचा निवाडा त्यावरून करता येत नाही.

उताराचा आकडा बहुतेक वेळा उपग्रहाच्या किंवा अंतराळयानाच्या मोजणीतून घेतात. साधारण वापरातली मोजणी तीस मीटरच्या चौकोनांची आहे. एक चौकोन म्हणजे नऊ आर. नऊ आराला एकच उंची मिळाली, तर त्यात हात-दोन हात रुंदीचा धुरा कुठून दिसणार? मग सहाव्या आकड्याच्या जागी पुष्कळदा सगळीकडे एकच टाकून मोकळे होतात. तुमच्या बापाने दगड रचून घातलेली ताल, तुम्ही दरवर्षी भरलेला धुरा, त्या नकाशात शून्य.

पावसाचेही तसेच. ४४२ हा आकडा वर्षाच्या एकूण पावसावरून काढला. हजार मिलिमीटर पाऊस झिमझिम पडला तरी ४४२, आणि चार ढगफुटींत कोसळला तरी ४४२. मूळ सूत्र तर अर्ध्या तासात पाऊस किती जोरात पडला हे विचारते. मृगाच्या शेवटी वखरलेल्या उघड्या वावरावर पडलेला एक जोरदार पाऊस जी माती नेतो, ती भादव्यातल्या चार पावसांनाही नेता येत नाही, कारण तोवर पऱ्हाटीने जमीन झाकलेली असते.

उलट बाजूही सांगतो. हे सूत्र पृष्ठभागावरून पातळ थराने आणि बारीक ओघळींतून जाणारी माती मोजते. नाल्याचा काठ खचला, घळ वरवर वावरात चढत आली, तर ती माती यात येत नाही. म्हणजे नकाशा कुठे जास्त दाखवतो, कुठे कमी.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. नकाशा जाते किती ते सांगतो, उरली किती ते सांगत नाही. दीड मीटर खोल काळीतून चाळीस वर्षांत पाच सेंटिमीटर गेली, तर तिसावा भाग गेला. वीतभर बरडीतून तेवढीच गेली, तर पाव भाग गेला. वीतभर मातीत पिकाला घेता येणारे पाणी साधारण तीस मिलिमीटर मावते. बोंडे भरताना कापूस दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पितो. म्हणजे पावसाचा खंड पडला तर ती जमीन सहा-सात दिवस तग धरायची, ती आता पाच दिवसांत मान टाकते. बापाच्या वेळी याच बरडीवर पीक तगायचे, आता का तगत नाही? पावसाला दोष देऊन हा प्रश्न पुरा सुटत नाही.

उभी पेरणी कोणी लादली?

नकाशा लाल निघाला की पुढचे वाक्य ठरलेले असते: शेतकऱ्यांच्या चुकीच्या पद्धतींमुळे धूप होते. उताराला आडवे पेरावे हे शेतकऱ्याला माहीत नाही का? तिफण धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मग तो उभे का पेरतो?

पहिले कारण वाटण्यांचे. भावाभावांत वाटणी झाली की प्रत्येकाला वरची बरड थोडी, खालची काळी थोडी आणि रस्ता मिळावा म्हणून वावराच्या उभ्या पट्ट्या पडतात. वीस पावले रुंद, तीनशे पावले लांब. त्यात आडवे पेरायचे म्हणजे वीस पावलांवर बैल वळवायचे. दिवसाचे काम दीड दिवसात होणार, बैलजोडीचे भाडे कोण देणार?

दुसरे कारण मजुरीचे. चौफुलीवर सरकी लावली की डवरा उभाही चालतो आणि आडवाही. निंदणाचा खर्च वाचतो. पण उभ्या डवरणीने पाण्याला वाट मिळते. शेतकरी निंदणाचे पैसे वाचवतो आणि मातीने भरतो. निंदणाचे पैसे रोख द्यावे लागतात, मातीचे उधारीवर चालते.

तिसरे कारण पिकाचे. ज्वारी आपल्याकडे मागे पडली. भाव नाही, डुकरे आणि पाखरे शिल्लक ठेवत नाहीत. तिच्याबरोबर दाट पेरलेले तास गेले, कडबा गेला, गोठ्यातले शेण गेले. सूत्रातला पाचवा आकडा वाढला तो असा. हा आकडा वावरात कमी आणि बाजारात जास्त ठरतो.

आपल्या पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता धरून गेले तर हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे १९७६ पासून खोल काळ्या जमिनीवर दोन पाणलोट शेजारी शेजारी ठेवून मोजणी झाली. एकात खरिपात जमीन पडीक आणि रब्बीत ज्वारी किंवा हरभरा, अशी जुनी पद्धत. दुसऱ्यात हलक्या ढाळाचे रुंद वाफे, मध्ये सऱ्या, सुधारित बियाणे, खत, आणि ज्वारीत तूर. जुन्या पद्धतीत हेक्टरी ६.४ टन माती गेली, नव्या पद्धतीत १.५ टन. धान्य जुन्यात १.१ टन, नव्यात ५.१ टन. म्हणजे माती राखून पीक येते, हे दाखवून झाले. पण बियाणे, खत, अवजारे यांना भांडवल लागते. ते पिकाच्या भावातून आले नाही तर कर्जातून आणावे लागते. कर्जातून माती राखायला कोण तयार होईल?

डवरा झिजला तर घसारा, माती झिजली तर?

केंद्र सरकारचा मूल्य आयोग १९६५ सालापासून आहे, १९८५ पासून त्याचे नाव कृषी उत्पादनखर्च व मूल्य आयोग. त्याच्या सर्वांत व्यापक खर्चात, ज्याला सी-दोन म्हणतात, घरच्या जमिनीचे भाडे धरतात, स्वतःच्या भांडवलावर व्याज धरतात, अवजारांचा आणि इमारतींचा घसारा धरतात. २०१८ पासून हमीभाव दीडपट देतो असे सरकार सांगते, ते या सी-दोनच्या नव्हे, त्याहून कमी असलेल्या खर्चाच्या दीडपट. पण सी-दोन पुरा दिला तरी एक भगदाड राहतेच. डवरा झिजला तर घसारा आहे. माती झिजली तर शून्य. कारखानदाराचे यंत्र झिजते तेव्हा तो ती झीज मालाच्या किमतीत घालतो. आपण कापसाच्या गाठीबरोबर वावराचा थर फुकट देतो.

किंमत कशी लावायची, असे कोणी विचारेल. सोपे आहे. १८ टन माती म्हणजे सुमारे १४ घनमीटर, पाच ब्रास. एकराला दोन ब्रास. तलावातला दोन ब्रास गाळ खणून, भरून, वाहून वावरात पसरायला काय पडते, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो दरवर्षीचा एकरी घसारा समजा. राज्याने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली, तेव्हा गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यावर होता. पुढे २०२३ मध्ये लहान शेतकऱ्यांना अनुदान ठेवले, हे बरे झाले. पण तलावात बसलेली माती मुळात आपल्याच वावरातली. ती परत आणायला ब्रासमागे खर्च पडतो हे सरकारला मान्य आहे, तर ती जाताना तेवढेच नुकसान होते हेही मान्य झाले पाहिजे.

पुराने जमीन खरडून गेली तर पंचनामा होतो. दरवर्षी नखाएवढी खरडून जाते तिचा पंचनामा नाही.

भाव मिळाला की माती आपोआप राहील का? नाही. कापसाला तेजी आली की टेकडीची बरडही वखराखाली येते, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून नुसता भाव पुरत नाही, हिशेबही लागतो. भावाशिवाय हिशेब म्हणजे कोरडा उपदेश, आणि हिशेबाशिवाय भाव मिळाला तरी वावर झिजतच राहणार.

बाटली, नळी आणि पहार

हिशेब मागायचा तर आकडे आपल्याकडे हवेत. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पहिले, उतार मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. तीस मीटरवर साठ सेंटिमीटर पडले तर उतार दोन टक्के.

दुसरे, गढूळ पाणी मोजा. जोराचा पाऊस चालू असताना वावरातून पाणी बाहेर पडते तिथे लिटरभर बाटली भरा. सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटी एक. निवळू द्या, गाळ वाळवा, सोनाराच्या किंवा किराण्याच्या बारीक काट्यावर तोला. लिटरला एक ग्रॅम गाळ आणि शंभर मिलिमीटर पाणी वाहून गेले, तर हेक्टरी एक टन माती गेली. लिटरला पाच ग्रॅम आणि वर्षात अडीचशे मिलिमीटर वाहिले, तर साडेबारा टन.

तिसरे, खोली मोजा. वावराच्या वर, मध्ये आणि खाली ठरलेल्या जागी पहार घालून मुरूम किती हातांवर लागतो ते लिहून ठेवा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून खुंटीच्या मापावर विसंबू नका. दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच ओलीत मोजा.

चौथे, जे आजच बिनखर्चाने होते ते करा. पट्ट्या अरुंद असतील तर शेजारच्या दोघा-तिघा भावांनी मिळून एका दिशेने आडवी पेरणी करा, धुरे कायम ठेवा. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून तासाआड सरी पाडा, म्हणजे पाणी सरीत थांबेल. पऱ्हाटी सगळी जाळू नका, काही उताराला आडवी रचा. खोल काळीत योजनेचा समपातळी बांध जसाच्या तसा घेऊ नका. वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळे पडते, आणि भेगाळलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. तिथे हलका ढाळ दिलेला बांध आणि दगडी सांडवा मागा.

पाचवे, ग्रामसभेत नकाशा मागा. गावाचा पाणलोट आराखडा ज्या नकाशावरून केला, तो भिंतीवर लावा म्हणावे. त्यात बांधबंदिस्तीच्या जागी कोणता आकडा भरला, पाऊस कोणत्या केंद्राचा धरला, चौकोन किती मीटरचा, हे तीन प्रश्न विचारा. मग आपल्या बाटलीचा आणि पहारीचा आकडा शेजारी ठेवा. जुळला तर नकाशा खरा. जुळला नाही तर दुरुस्ती त्यांनी करायची.

या मोजणीत मायबहिणींनी पुढे व्हावे, असे माझे सांगणे आहे. निंदायला वाकून वर्षभर माती जवळून पाहणाऱ्या त्या आहेत. कोणत्या तासात खडे वर आले हे त्यांना आधी कळते.

पुढच्या जिल्हा बैठकीत उत्पादनखर्चाचा तक्ता पुन्हा मांडला जाईल. त्यात यंदा एक नवी ओळ असेल: मातीचा घसारा, एकरी इतके रुपये. ती ओळ कोरी ठेवायची नसेल तर प्रत्येक गावातून निदान पाच वावरांचे आकडे आले पाहिजेत. पहिला पाऊस पडायच्या आधी बाटल्या धुऊन ठेवा.